दहाव्याचा साबण

कडूबाईच्या आधी तिच्या आईची तीन लेकरं गेली होती, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. आमच्या भागात असं करतात. कडू नाव असलं की मरण तोंडात घेतं आणि थुंकून टाकतं, अशी समजूत. मरणानं थुंकली हे खरं. पण पुढं सासरनं थुंकली, भावकीनं थुंकली, नवरा मेल्यावर मुकादमानं थुंकली. आता पन्नाशीला आलेली ही बाई स्वतःच जगावर थुंकते, आणि मला विचाराल तर तिचा नेम चांगला आहे.

तिच्याबद्दल लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. पाथरीच्या बसस्टँडवर चहाचा कप हातात धरून गावातले शहाणे आमच्या साबणाबद्दल वाट्टेल ते बोलतात. त्यांची तोंडं मला धरता येत नाहीत. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते. ज्याला नको असेल त्यानं पान उलटावं.

पाथरीला भक्त येतात. लॉजवर एक रात्र उतरतात, सकाळी साबणाची छोटी वडी एकदा अंगावरून फिरवतात, दर्शन घेतात आणि निघून जातात. अंघोळ देवासाठी, साबण कचऱ्यासाठी. आणि त्याच पाथरीपासून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव, गंगेच्या काठाला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. नाव एवढं मोठं, पण गंगेच्या काठावरच्या वसतिगृहातली पोरं संडासातून येऊन हात चड्डीला पुसायची. एकाला खरूज झाली की अख्खी खोली खाजवायची. पावसाळ्यात हगवण लागली की अधीक्षक म्हणायचा, पाणी बदललंय. पाणी काय घंटा बदललंय. हात धुवायला साबण नव्हता, एवढं साधं होतं.

मी मोबाईलवर बघून बघून साबण वितळवायला शिकले. दोन कढया जाळल्या, मग जमलं. लॉजवाल्यांच्या मागं लागून त्या वड्या मागून आणायला लागले. पहिल्यांदा ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई कचरा फुकटात उचलतेय, तेव्हा नमस्कार करायला लागले. वडी आली की आधी वाळवायची. मग वरचा थर सुरीनं खरवडून काढायचा, केस असोत, मळ असो, काही ठेवायचं नाही. मग किसणीवर किसायची, थोडं पाणी घालून कढईत चांगली उकळू द्यायची, ट्रेमध्ये ओतायची, थिजली की तारेनं कापायची. गुलाबाचा, लिंबाचा, चंदनाचा, सगळ्यांचा वास एकमेकांत मिसळतो आणि शेवटी असा वास येतो की जणू एखाद्या लग्नातली सगळी माणसं एका खोलीत कोंडलीत. पण हात स्वच्छ निघतो. खरूज जाते. बाकी वासाचं कुणाला पडलंय.

कामाला बाया मिळाल्या त्या सगळ्या अर्ध्या कोयत्याच्या. हे नीट सांगते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून जातात, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. ज्या बाईचा नवरा मेला किंवा ज्यानं तिला टाकली, ती अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम कुणाशीही जोडून देतो. दिवसभर फडात त्याच्याबरोबर मोळ्या बांधायच्या. पुढं कोपीत, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, काय होतं ते मुकादमाला माहीत असतं, टोळीला माहीत असतं, आणि सहा महिन्यांनी ती बाई गावात परत आली की गावाला सगळ्यात जास्त माहीत असतं. नाकावर पदर घेऊन बोलणारी ही माणसं तिला परत पाठवायला मात्र पुढच्या दसऱ्याला पुन्हा गाडीपर्यंत येतात.

अशा सहाजणी आमच्या शेडमध्ये. कडूबाई पहिली आली. आल्या आल्या कढईत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अर्ध्या वड्या आन अर्धे कोयते. जोड्या बरुबर लावल्यास माय."

मी विचारलं, "उष्टा साबण आहे, लोक नावं ठेवतील. चालेल का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच उष्टी आहे. मग सांगितलं. नवरा मेला तो फडावरच, पार कऱ्हाडकडं. गाव दूर, सोयरा कुणी नाही, टोळीनं मयताला पाणी घालायचं ठरवलं तर साबण नाही. रिवाज असा की मयताला नवीकोरी वडी लागते. मुकादम म्हणाला, दुकान लांब आहे, उगं कामून खोळंबा. शेवटी शेजारच्या कोपीतल्या बाईनं तिच्या लेकराला लावायची वापरलेली चीप काढून दिली. तेवढ्यात एका माणसाची शेवटची अंघोळ उरकली.

"तव्हा कुणी म्हणलं न्हाई उष्टा हाय म्हणून," कडूबाई म्हणाली. "आता म्हणलं तर तोंडात किसणी घालीन."

घातली नाही कुणाच्या, पण बोलण्याची धार तीच. राणी म्हणून एक पोरगी आमच्यात सगळ्यात लहान, विशीचीसुद्धा नव्हती. कडेवर एक लेक. नवऱ्यानं पुण्याला जातो म्हणून सांगितलं आणि पुण्यात दुसरं घर केलं. तिच्या माहेरी भाऊ होता, पण भावाची बायको म्हणायची, दसऱ्यानंतर नागनाथ मुकादमाच्या गाडीत बसव, खाणारं एक तोंड कमी होईल. राणी शेडमध्ये आली, साबण विकून रोजचे चार पैसे घरात जायला लागले आणि ते बोलणं थांबलं. शेड चालू तोवर थांबलं, असं म्हणा. बाकीच्या पाचजणींचंही तेच. शेड बंद पडली की दसऱ्यानंतर गाडी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता शेडचं सांगते, कारण लोचा तिथंच आहे.

शेड दिनकररावांची. दिनकरराव म्हणजे आमच्या गावच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांची, वसतिगृह त्यांचं, रस्त्यावरचं गोडाऊनही त्यांचं. त्या गोडाऊनमध्ये खताची रिकामी पोती आणि उंदरं होती. मी मागितलं. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग वसतिगृहाची खरूज गेली, कुठल्याशा समितीनं येऊन पोरांचे हात बघितले आणि संस्थेला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. तेव्हा दिनकररावांना एकदम आठवलं की गोडाऊन आपलं आहे आणि आपण फार दयाळू आहोत. बक्षिसाच्या दिवशी ते मंचावर बसले, शाल घेतली, "आमच्या भगिनींनी" असं म्हणत अर्धा तास बोलले. भगिनी मंडपाच्या बाहेर उन्हात उभ्या होत्या. खुर्च्या पाहुण्यांना कमी पडल्या होत्या. कडूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भावानं भनीला शाल द्यायची असती का घ्यायची असती गं? मला तं इसर पडलाय."

त्या साली भादव्यात दिनकररावांचे वडील किशनराव वारले. म्हातारा जिवंत असताना ओसरीवर एका खाटेवर पडून असायचा. सून दिवसातून एकदा जेवण ठेवायची. मेल्यावर मात्र गाव गोळा झालं. दहाव्याला गंगेवर नुसती भावकीच भावकी. आमच्याकडं रिवाज आहे, दहाव्याला पुरुष मंडळी नदीवर डोकी करतात, म्हणजे भादरतात, पिंड ठेवतात, कावळा शिवला की सगळे नदीत अंघोळ करतात. त्या अंघोळीला नवा साबण न्यायचा, आणि वापरलेला साबण तिथंच काठावर सोडून यायचा. सुतक फिटलेला साबण घरी आणायचा नसतो. आणला तर मयताचं घरात येतं म्हणतात. किशनरावांची भावकी मोठी, त्यामुळं त्या दिवशी नदीच्या दगडांवर एकदा फेस काढलेल्या कोऱ्या वड्या ओळीनं पडलेल्या. ओसरीवरच्या म्हाताऱ्याला गेल्या दोन वर्षांत कुणी एवढा साबण लावला नसेल.

मंडळी जेवायला घरी गेली आणि राणी पोतं घेऊन नदीवर गेली.

तिच्या डोक्यात वाईट काही नव्हतं. चांगला साबण वाया चाललाय, एवढंच तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या हौसेनं ते पोतं शेडमध्ये आणून ओतायला लागली, तर कडूबाईनं वरच्यावर तिचा हात धरला.

"हे कुठल्या लॉजचं?"

"लॉजचं न्हाई. गंगेवरचं."

"गंगेवर कोणतं लॉज हाय?"

राणीला हसू आलं. "कालच्या दहाव्याचं. बगा ना मावशी, एकदम कोऱ्या हायत. खरवडायची पन गरज न्हाई."

बायनाबाई, जी गावातल्या मोठ्या घरांची धुणी-भांडी करून मग दुपारी आमच्याकडं येते, तिनं हळूच हातातली किसणी खाली ठेवली.

मला वाटलं, आता कडूबाई विटाळ-बिटाळ काढणार. माझं तोंड उघडलंच होतं. पण ती राणीला म्हणाली, "तुला कुणी बगितलं का?"

"योगीराज होता. लांब. मोबाईलवर बोलत होता."

"बोलत नसंल. शूटिंग करत असंल." कडूबाईनं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं. "अगं, साबनात काय बी वाईट न्हाई. लोकांत वाईट हाय. दिवसाढवळ्या, अख्खं गाव गंगेवरून माघारी फिरायलंय, आन तू पोतं पसरून बसलीस. दिमाग गहाण ठिवला होता का?"

"मग रातच्याला जायचं होतं का?"

"जायचंच न्हवतं." कडूबाई म्हणाली. "आपून लोकायला काय सांगितलंय? लॉजचा साबन हाय. मग लॉजचाच पायजे. उद्या कुणी देवासमोर हात ठिवायला सांगितलं तर माझा हात थरथरला न्हाई पायजे. ह्यातली एक वडी कढईत जाणार न्हाई."

आणि पोतं उचलून तिनं कोपऱ्यात ठेवलं. मी म्हटलं, आत्ताच नदीत टाकून येऊ. तर म्हणाली, "पुन्यांदा पोतं घेऊन गंगेवर गेलं तर पुन्यांदा शूटिंग व्हईल. ऱ्हाऊ दे हितंच."

योगीराज म्हणजे दिनकररावांचा पुतण्या. त्याला स्वतःचं काम म्हणून कधीच नव्हतं. काका जिथं जातील तिथं गाडीचं दार उघडायचं आणि ग्रुपवर फोटो टाकायचे. ह्या वेळी त्यानं व्हिडिओ टाकला. राणी पोतं घेऊन वाकलेली, मागं गंगा. खाली लिहिलेलं, 'आपल्या लेकरांच्या अंगाला मयताचा साबण.' संध्याकाळपर्यंत मानवतच्या बाजारातसुद्धा पोचला. ज्या आयांनी दोन वर्षं आमचा साबण वापरून पोरांची खरूज घालवली होती, त्याच आया आता हात हवेत झटकत फिरायला लागल्या. एक तर आमच्या दारापुढं येऊन म्हणाली, तिच्या लेकराला स्वप्नात म्हातारा दिसला. कडूबाईनं विचारलं, "काय म्हणला म्हातारा? भाकर मागत असंल. जित्तेपणी लय मागायचा."

मला राग आला तो ह्या आयांचा नाही. त्यांना भीती घातली की त्या भितात. राग आला तो गुरुजींचा. विज्ञान शिकवणारे गुरुजी. उकळल्यावर काय होतं, ते ह्यांनीच पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही तरी सांगा. तर म्हणाले, "विज्ञान आपल्या जागी, ताई, भावना आपल्या जागी." मग तुम्ही कुठल्या जागी, असं विचारलं तर खिशातला रुमाल काढून तोंड पुसायला लागले. अध्यक्षांच्या शाळेत नोकरी आहे, एवढं म्हणायला काय जीभ झडते?

तेरावं झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी नागनाथ मुकादम मोटारसायकलवर शेडच्या दारात आला. उतरलाही नाही. एक पाय जमिनीला टेकवून आत बघितलं.

"आज कुलूप लागतंय म्हणं," तो म्हणाला. "मी आपलं इचारायला आलो. गाडीत जागा हाय. राणीला चांगला जोडीदार बगतो."

राणीची लेक तिथंच ट्रेवर थिजलेल्या साबणावर बोट उमटवत बसली होती. राणीनं तिला उचलून कडेवर घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. तिच्या हातातली सुरी थांबली नाही, पण वडीच्या वरच्या थराबरोबर अर्धी वडी खरवडून खाली पडत होती.

"नागनाथ," कडूबाई म्हणाली, "माझ्या मालकाला जव्हा पाणी घातलं, तव्हा तू म्हणला होतास दुकान लांब हाय. आठवतंय?"

"जुनं कामून काढायलीस मावशे."

"न्हाई, दुकान जवळ आलंय आता, म्हणून सांगायले. लागलं तर सांग. तुझ्यासाठी कोरी वडी ठिवते बाजूला."

नागनाथानं किक मारली. तोंड वाकडं करून गेला, पण कोपऱ्यावर जाऊन थांबला. त्यालाही कुलूप बघायचं होतं.

थोड्या वेळानं दिनकरराव आले. डोकं नुकतंच केलेलं, त्यावर पांढरी टोपी. बरोबर गावातली चार म्हातारी माणसं, अधीक्षक, ते विज्ञानाचे गुरुजी, आणि योगीराज, हातात कुलूप घेऊन. कुलूप नवं होतं. चावीला अजून दुकानाचा दोरा होता. म्हणजे चौकशी करायला आले नव्हते, निकाल खरेदी करूनच आले होते.

हे माहीत असू द्या की सोयाबीन काढणीला आलं होतं आणि दिनकररावांना माल ठेवायला जागा हवी होती. उन्हाळ्यापासून ते मला म्हणत होते, गोडाऊनचं काहीतरी बघावं लागेल. बापाचं दहावं त्यांच्या कामाला आलं. बाप जिवंतपणी कामाला आला, मेल्यावरही आला.

"विजयमालाबाई," दिनकरराव मला म्हणाले, कडूबाईकडं बघायचं टाळून, "मी ह्या कामाला जागा दिली, नाव दिलं. आणि तुम्ही माझ्याच वडिलांच्या दहाव्याचा साबण वसतिगृहाच्या लेकरांना लावला. मला समाजाला तोंड दाखवायचंय."

मी बोलणार तेवढ्यात कडूबाई कढईपासून उठली. हाताला साबणाचा कीस लागलेला, तो तसाच.

"लावला न्हाई मालक. गंगेवरून आलेलं पोतं त्या कोपऱ्यात हाय, तोंड बांधलेलं. पोरीनं आणलं, मी हात लावू दिला न्हाई. सोडून बगा. एकेक वडी बगा. सगळ्या एकदाच वापरलेल्या, सगळ्या कोऱ्या. आमच्या कढईत असली गेली असती तर हितं कोऱ्या ऱ्हायल्या असत्या का?"

"आम्ही कसं मानायचं?" योगीराज म्हणाला.

"मानू नगा. बगा की."

सगळ्यांनी कोपऱ्याकडं बघितलं. पोतं तिथं होतं. कुणी पाऊल उचललं नाही.

दिनकरराव योगीराजला म्हणाले, "बघ रे."

योगीराज एक पाऊल पुढं गेला. चार म्हाताऱ्यांपैकी एकजण मागून म्हणाला, "दिनकरराव, पोराला हात लावू देऊ नका. कालच तेरावं करून मोकळे झालोत. दहाव्याचा साबण शिवला तर पुन्यांदा डोकं करावं लागतं."

योगीराजनं आपल्या डोक्यावरून हात फिरवला. केस आत्ता कुठं टोचायला लागले होते. तो मागं सरकला.

"अधीक्षकसाहेब?" दिनकरराव म्हणाले.

अधीक्षक म्हणाला, माझ्या घरात सोवळं आहे. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गुरुजींकडं बघितलं तर गुरुजी छताकडं बघत होते. मी म्हटलं, "गुरुजी, विज्ञान आपल्या जागी आहे ना? जा मग त्या जागी." ते नाही गेले.

म्हणजे बघा. साबण मयताचा आहे म्हणून आमची शेड बंद करायला आले, आणि साबण मयताचा आहे म्हणूनच पोत्याला हात लावायची कुणाची छाती नाही. पुरावा समोर आहे आणि पुराव्यापासून सगळे चार हात लांब.

"काही बघायची गरज नाही," दिनकरराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "योगीराज, लाव कुलूप. बाया, बाहेर या."

आमच्यातल्या दोघी खरंच उठल्या. सवय. मोठ्या माणसानं 'या' म्हटलं की पाय आपोआप उठतात. राणी भिंतीला टेकून उभी राहिली, लेकीला घट्ट धरून. बाहेर कोपऱ्यावरून नागनाथाची मोटारसायकल हळूहळू पुढं आली.

कडूबाई म्हणाली, "लावा कुलूप. आमी निघताव. पोतं तेवढं आत ऱ्हाऊ द्या."

योगीराजचा हात कडीवरच थांबला.

"म्हणजे?" दिनकरराव म्हणाले.

"म्हणजी पोतं हितंच. तुमच्या गोडाऊनमधी, तुमच्या कुलपात, तुमच्या बापाचं दहावं. घरात आणायचं नसतं म्हणताव ना? हे घर तुमचंच की. अन् आठ-पंधरा दिसांत सोयाबीन उतरायचंय हितं. सोयाबीन ह्या बाजूला, म्हातारा त्या बाजूला. दिवाळीला लक्ष्मी पुजायला याल तव्हा म्हाताऱ्याला बी हळद-कुंकू लावा."

म्हातारी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. एकजण तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मालाजवळ नको, दिनकरराव. बरकत जाते."

"उचला ते पोतं आणि बाहेर टाका," दिनकरराव बायांना म्हणाले.

"आमी कामून उचलू?" कडूबाई म्हणाली. "इटाळ मोठ्या घरालाच व्हतो का? आमाला व्हत न्हाई?"

"त्या पोरीनं उचललं होतं ना नदीवरून?"

"तव्हा ती साबन उचलत होती. दहावं तुमी केलंय त्याचं. शूटिंग करून."

मला तेव्हा हसायला आलं असतं, पण मी राणीकडं बघितलं आणि हसू आलं नाही. ती नुसती दाराकडं बघत होती, की कडी लागते का नाही.

योगीराजनं मोबाईल काढला. अशी कामं आमच्या गावात कुणाच्या गल्लीतल्या माणसांना सांगतात, ते लिहायची मला लाज वाटते. सांगणाऱ्यांना वाटत नाही. त्यानं त्या गल्लीतल्या दत्ताला फोन लावला. दत्ता म्हणाला, मी मानवतला आलोय, उद्या बघतो. दत्ता समोरच्या पानटपरीच्या बाकड्यावर बसला होता. फोन कानाला लावून बोलताना मला दारातून दिसत होता. त्यानं मला बघितलं आणि पाय पुढं पसरून आणखी निवांत बसला.

कढईतला साबण घट्ट व्हायला लागला होता. बायनाबाईनं उठून त्यात थोडं पाणी ओतलं आणि ढवळायला लागली. शेड बंद होणार असताना कुणी ढवळतं का? पण ती ढवळत राहिली, आणि ज्या दोघी उठल्या होत्या त्या तिच्याकडं बघून खाली बसल्या.

"बरं," शेवटी कडूबाई म्हणाली, जसं काही तीच थकली होती. "पोतं आमी नेताव. इटाळ आमच्या माथी. तुमी कुलूप न्या."

"म्हणजे काय?"

"म्हणजी समद्यायसमोर सांगा, शेड बायांकडंच हाय. चारजण हायत, गुर्जी हायत. योगीराजदादा, शूटिंग कर. ह्या येळंला आवाजासगट कर."

दिनकररावांनी टोपी काढली, घातली. मग ते हसले. ते हसणं मी मंचावर बघितलेलं होतं, शाल अंगावर पडताना. "मी कुठं शेड काढून घेतोय?" ते म्हणाले. "आपल्याच भगिनी आहेत. लोकांचा गैरसमज झाला होता, तो दूर करायला आलो. साबण लॉजचाच असावा, एवढंच माझं म्हणणं."

"लॉजचाच व्हता, लॉजचाच ऱ्हाईल," कडूबाई म्हणाली.

एवढं सगळं झाल्यावर गुरुजींनी टाळी वाजवली. एकट्यांनीच. मग थांबवली.

ते गेल्यावर कडूबाईनं पोतं उचललं, डोक्यावर घेतलं आणि घराकडं चालायला लागली. कोपऱ्यावर नागनाथ होता. तिला बघून त्यानं मोटारसायकल मागं घेतली. पोत्याचा धक्का लागू नये म्हणून. वाटेत जो जो भेटला तो तो बाजूला झाला. एवढी मोकळी वाट त्या बाईला गावानं जन्मात कधी दिली नव्हती.

दसऱ्यानंतर गाड्या निघाल्या. बैल, भांडी, पोरं, कोंबड्या, कोयते. आमच्या सहातलं कुणी त्यात नव्हतं. राणी लेकीला घेऊन रस्त्यावर बघायला उभी होती. मी म्हटलं, कशाला बघतेस? ती म्हणाली, "माझ्या जागंवर कोण बसलीय ते बगायले." कुणीतरी बसली होतीच. नागनाथाची जागा कधी रिकामी जात नाही. हे मला विसरता येत नाही, आणि कुणी आमच्या कामाला 'क्रांती' वगैरे म्हटलं की म्हणूनच माझं डोकं सणकतं. सहा बाया गेल्या नाहीत. एवढंच झालं. एवढं करायलाही ह्या गावानं किती नाकं मुरडली.

सोयाबीन दिनकररावांनी शाळेच्या दोन वर्गांत भरलं. पोरं व्हरांड्यात बसली. हात धुऊन.

त्या पोत्याचं सांगायचं राहिलं. घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा, पांघरुणं गंगेवर नेऊन धुतात. कडूबाईनं तिच्या गल्लीतल्या बाया जमवल्या, पोतं सोडलं आणि तोंडावर सांगितलं, "हा दहाव्याचा हाय. लपवायचं काम न्हाई. ज्याला चालतो त्यानं न्यावा, ज्याला चालत न्हाई त्यानं चुपचाप घरी जावं." एकही घरी गेली नाही. ज्या गल्लीत माणसं वापरलेल्या चिपेवर शेवटची अंघोळ करून जातात, तिथं कोऱ्या वडीला कोण घाबरतं?

सगळ्यात जास्त वड्या बायनाबाईनं नेल्या. मी विचारलं, तुझ्या घरात दोन तर गोधड्या, एवढ्या कशाला?

"माझ्या न्हाईत, ताई. दिनकररावांच्या घरचा दसरा मीच काढते. लय गोधड्या हायत. आन मालकीनबाई साबन देती तो एवढा," तिनं नख दाखवलं.

मग ती जरा थांबली आणि कडूबाईला म्हणाली, "सांगू का मावशी त्यायला? कशानं धुतल्या म्हणून?"

"इचारलं तर खरं सांग," कडूबाई म्हणाली. "इतक्या वर्सांत कव्हा इचारलंय का, बायना, कशानं धुतीस?"

"न्हाई."

"मग झालं."

त्या दिवशी मी गंगेवर गेले होते. दगडांवर दिनकररावांच्या घरच्या गोधड्या वाळत होत्या, एकापुढं एक, पार पाण्यापर्यंत. बायनाबाई शेवटची धोपटत होती आणि फेस असा निघत होता की खालचा दगड दिसत नव्हता. कडूबाई काठावर बसून बघत होती.

"म्हाताऱ्याला ओसरीवर एक बी धड पांघरूण नव्हतं," ती म्हणाली. "आता म्हाताराच समद्यायला पुरंल."